वालाच्या दाण्यातील अवरोधक : कमलाबाई सोहोनींच्या संशोधनाकडे पाहताना

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला भागवत घराण्यातील दोन बहिणींपैकी एक चांगली परिचयाची असते. ‘ऋतुचक्र’ आणि ‘व्यासपर्व’ लिहिणाऱ्या, १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या आणि आणीबाणीच्या विरोधात निर्भयपणे उभ्या राहणाऱ्या दुर्गाबाई आपल्या अभ्यासक्रमात आहेत, चर्चासत्रांत आहेत, प्रबंधांतही आहेत. त्यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई सोहोनी (१९११–१९९८) मात्र आपल्याला भेटतात त्या एका प्रसंगापुरत्या. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागण्यास गेल्या, तेव्हा संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष परीक्षाधीन राहायचे, मार्गदर्शक सांगतील त्या वेळी काम करायचे आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू द्यायचे नाही, अशा अटींवर त्यांना आत घेण्यात आले.

हा प्रसंग सांगितलाच पाहिजे, यात वाद नाही. स्वतः कमलाबाईंनीही उत्तर आयुष्यात त्याचा सल जाहीरपणे बोलून दाखवला होता. परंतु गेल्या काही वर्षांत महिला दिनाच्या भाषणांतून आणि वृत्तपत्रीय टिपणांतून तो इतक्या वेळा सांगितला गेला, की आता कमलाबाईंचे चरित्र म्हणजे जणू तो प्रसंगच झाला आहे. प्रवेश मिळाल्यावर त्या बाईंनी तेथे आणि पुढे तीस-पस्तीस वर्षे काय केले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. एखाद्या लेखिकेविषयी आपण असे वागलो असतो का? तिच्यावर झालेला अन्याय सांगून तिचे पुस्तक न उघडताच ठेवले असते का? प्रस्तुत लेखात कमलाबाईंचे ‘पुस्तक’, म्हणजे त्यांचे संशोधन, थोडेसे उघडून पाहावयाचे आहे. त्यातही त्यांच्या मुंबईतील कामाचा एक धागा घेऊ : कडधान्यांमधील ट्रिप्सिन-अवरोधके.

शब्दांची थोडी उकल

इंग्रजीतील ‘एंझाइम’ला मराठीत तीन नावे चालतात. पाठ्यपुस्तके ‘विकर’ म्हणतात, काही ग्रंथ ‘वितंचक’ म्हणतात आणि बाकी सर्वजण सरळ ‘एंझाइम’ म्हणतात. मूळ शब्द जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी १८७० च्या दशकात घडविला; ग्रीक भाषेतील त्याचा अर्थ ‘खमिरातील’ असा होतो. ‘वितंचक’ हा शब्दही संस्कृतातील आतंचन, म्हणजे दुधाला विरजण लावणे, याची आठवण करून देतो. दोन्ही भाषांनी शब्द शोधला तो स्वयंपाकघरात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८९७ साली एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून त्यांच्या रसानेही साखर आंबते हे दाखवले, आणि जिवंत पेशीशिवायही हे कार्य चालते हे सिद्ध झाले. विकर हा पदार्थ आहे, ते काही गूढ ‘चैतन्य’ नाही, ही समजूत तेथून रूढ होत गेली.

विकराचे काम थांबविणारा किंवा मंदावणारा पदार्थ तो अवरोधक. सामान्य माणसाला ‘अवरोध’ म्हणजे अडचण वाटते. प्रयोगशाळेत मात्र तो समजून घेण्याचे साधन असतो. शंभर पायऱ्यांच्या जिन्यातील एक पायरी काढून घेतली, की माणसे कोठे अडकतात यावरून त्या पायरीचे स्थान कळते. पेशीतील रासायनिक क्रियांची साखळी अशीच उकलली गेली. केंब्रिजमध्ये १९२० च्या दशकात जुडा क्वास्टेल यांनी दाखवले की मॅलोनेट हा पदार्थ सक्सिनेटवर काम करणाऱ्या विकराला अडवतो. कारण मॅलोनेटची ठेवण सक्सिनेटसारखीच असते; तो त्याच्या जागी जाऊन बसतो, पण पुढे काही घडू देत नाही. १९३७ साली हान्स क्रेब्स यांनी शेफिल्डमध्ये कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग करून श्वसनाचे चक्र मांडले, तेव्हा याच मॅलोनेटचा त्यांना मोठा उपयोग झाला. जे कार्य चालू असताना दिसत नाही ते अडवल्यावर दिसते, हे या शास्त्रातील एक मूलभूत सूत्र आहे.

केंब्रिजपर्यंत आणि परत

कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ व बंगळूरच्या संस्थेचे सुरुवातीच्या काळातील विद्यार्थी. त्यामुळे प्रयोगशाळा ही त्यांना परकी जागा नव्हती. तेथे स्त्री म्हणून जाणे तेवढे नवे होते. बंगळुरात श्री. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. भारतीय माणसाच्या ताटात जे असते त्याचे रसायन शोधावयाचे, ही दिशा तेथेच ठरली. १९३६ मध्ये त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली. एका वर्षाच्या परीक्षेनंतर रामन यांचेही समाधान झाले आणि पुढे संस्थेची दारे इतर स्त्रियांसाठीही उघडली.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात त्या काळी स्त्री संशोधकांची संख्या इतरत्र क्वचितच दिसे इतकी होती. बंगळूरच्या अनुभवानंतर हा फरक त्यांना किती जाणवला असेल, याची कल्पना करता येते. डेरेक रिक्टर व नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी बटाट्याच्या ऊतींचा अभ्यास केला आणि वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे श्वसनासाठी आवश्यक असलेले प्रथिन असते, हे दाखवून दिले. सायटोक्रोमांचे महत्त्व केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली प्राण्यांच्या आणि यीस्टच्या पेशींत सिद्ध केले होते. अवघ्या चौदा महिन्यांत पूर्ण केलेल्या आणि आकाराने अगदी लहान असलेल्या प्रबंधाला १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. विज्ञानात डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

याच वर्षी त्या भारतात परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, असा प्रवास करीत १९४७ मध्ये श्री. एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि १९४९ मध्ये तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या नव्या विभागात रुजू झाल्या.

वाल, डबल बी आणि ट्रिप्सिन

आता मूळ विषयाकडे येऊ. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे विकर लहान आतड्यात येते आणि अन्नातील प्रथिनांच्या लांब साखळ्या ठरावीक जागी तोडते. प्रथिन पचणे याचा अर्थ बराचसा हाच. १९१७ साली अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांना असे आढळले होते, की कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होत नाही, पण तेच सोयाबीन शिजवून दिले तर होते. प्रथिन तेच, मग फरक कशाचा? उत्तर मिळण्यास जवळजवळ तीन दशके लागली. १९४५ मध्ये मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून ट्रिप्सिनला अडविणारे एक प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले. त्याच सुमारास बोमन यांनी दुसरे, लहान आकाराचे अवरोधक शोधले. पुढे येहुदित बिर्क यांनी त्याचा सखोल अभ्यास केला आणि आज ते दोघांच्या नावाने ओळखले जाते.

या अवरोधकाची युक्ती मोठी विलक्षण आहे. ते स्वतःच प्रथिन असते आणि त्याचा एक भाग ट्रिप्सिनपुढे असा येतो, की जणू तोडण्याजोगी साखळीच पुढे केली आहे. ट्रिप्सिन ती पकडते आणि तेथेच अडकून पडते. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले, की आतड्यातील ट्रिप्सिन निकामी झाले म्हणजे स्वादुपिंड अधिकाधिक स्राव करू लागते, ते आकाराने वाढते आणि शरीराची वाढ मात्र खुंटते.

सोयाबीन हे अमेरिकेचे पीक होते. भारतातील कोट्यवधी लोकांचे प्रथिन मात्र तूर, हरभरा, मूग, मटकी, हुलगा, वाल यांतून येत होते. ज्या देशात प्रथिनांची उणीव हा स्वातंत्र्योत्तर काळातील मोठा प्रश्न होता, तेथे ‘आपल्या कडधान्यांत अशी अवरोधके आहेत का, किती आहेत, शिजविल्यावर उरतात का’ हे प्रश्न केवळ विद्वत्तेचे नव्हते. मुंबईच्या प्रयोगशाळेत कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते हाती घेतले. १९५४ पासून ‘जर्नल ऑफ सायंटिफिक अँड इंडस्ट्रियल रिसर्च’ या नियतकालिकात भारतीय खाद्यपदार्थांतील ट्रिप्सिन-अवरोधकांवर त्यांची लेखमाला येऊ लागली. आधी भाज्या, मग डाळी व कडधान्ये, आणि पुढे या अवरोधकांचा प्राण्यांवर होणारा परिणाम. १९५५ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांच्या चमूची एक छोटी नोंद प्रसिद्ध झाली. वाल आणि डबल बी यांतून ट्रिप्सिन-अवरोधके स्फटिकरूपात मिळविल्याची ती नोंद होती.

‘स्फटिकरूपात’ या शब्दाचे वजन वाचकांच्या ध्यानात यावे. एखादे प्रथिन स्फटिकरूपात मिळविणे म्हणजे त्याला शेकडो सोबत्यांपासून वेगळे करून, तो एक निश्चित पदार्थ आहे हे दाखविणे. जेम्स समनर यांनी १९२६ साली युरिएज हे विकर प्रथमच स्फटिकरूपात आणले, तेही एका शेंगवर्गीय वनस्पतीच्या बियांतून. त्यावर अनेक वर्षे कोणी विश्वास ठेवला नाही आणि १९४६ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळाले. कुनिट्झ यांच्या सोयाबीनमधील यशानंतर दहाच वर्षांत, मुंबईतील एका शासकीय महाविद्यालयात, आपल्या बाजारातील वालाच्या दाण्यातून हे साधले गेले होते. रामन-प्रसंगाशेजारी हे वाक्यही आपल्या भाषणांत यावयास हरकत नव्हती.

चुलीजवळचे ज्ञान

टेंभुर्णी-माढ्याच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला हा इतिहास वाचताना एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. भीमेवर उजनीचे धरण होऊन ऊस पसरण्यापूर्वी हा ज्वारीचा आणि कडधान्यांचा मुलूख होता. आजही तूर, हरभरा, हुलगा, मटकी येथील शेतात आणि ताटात आहेतच. येथे हुलगे भाजून, भरडून, शिजवून त्यांचे माडगे करतात. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे रटरटणाऱ्या पाण्यात सोडून शिजवतात. मटकीला मोड आणतात. कोकणातील घरांत वाल भिजवून, मोड आणून, सोलून मग बिरडे होते. कडधान्य कच्चे खाल्ले तर पोट बिघडते, हे सांगायला कोणाला रसायनशास्त्र शिकावे लागले नाही. मग कमलाबाईंनी नवे काय सांगितले?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही टाळावीत असे वाटते. पहिले असे की ‘आमच्या आज्यांना हे सारे आधीच ठाऊक होते.’ दुसरे असे की ‘घरातील चालीरीती म्हणजे अंदाजपंचे; खरे ज्ञान प्रयोगशाळेत.’ आजीला काय करावे हे ठाऊक होते. का करावे आणि किती करावे हे ठाऊक नव्हते. उष्णतेने ट्रिप्सिन-अवरोधकांचा बराचसा भाग निकामी होतो, पण सर्व अवरोधके सारखी नाजूक नसतात. बोमन-बिर्क प्रकारातील अवरोधकाची घडी अंतर्गत बंधांनी इतकी आवळलेली असते, की ते उष्णतेला बराच वेळ दाद देत नाही. आपल्या हुलग्यातील अवरोधक याच कुळातील आहे. मोड आल्याने अवरोधक कमी होते, परंतु किती, हे धान्यागणिक बदलते. डबल बीच्या काही जातींत सायनाइड निर्माण करणारे द्रव्यही असते, आणि सायनाइड हेदेखील अवरोधकच : ते सायटोक्रोमांच्या साखळीतील शेवटचे विकर रोखून पेशीचा श्वास थांबविते. तेव्हा भिजविलेले पाणी फेकून देणे आणि झाकण न ठेवता उकळणे यांमागे निराळेच कारण असू शकते. उलटपक्षी, हिवाळ्यात शेतातून जाताना आपण ओल्या हरभऱ्याचे दाणे मूठभर कच्चेच खातो आणि काही बिघडत नाही. प्रश्न मात्रेचा आहे, आणि मात्रा सांगणे हे प्रयोगशाळेचे काम.

म्हणजे चूल आणि प्रयोगशाळा या दोहोंत एक वाटणी आहे. चुलीने प्रश्न जपून ठेवला होता. कमलाबाईंनी तो ओळखला. ज्यांनी कधी वाल सोललाच नाही त्यांना तो प्रश्न म्हणून दिसला असता का, हे सांगणे कठीण आहे. मात्र त्यांच्या संशोधनाला ‘बायकी’ ठरवून बाजूला सारणेही तितकेच चुकीचे होईल, कारण कुनिट्झही बियांवरच काम करीत होते आणि त्यांना तसे कोणी म्हणत नाही.

अवरोधकांचे पुढचे आयुष्य

वनस्पती आपल्या बियांत हे अवरोधक का साठविते, याचे एक उत्तर १९७२ मध्ये अमेरिकेत ग्रीन आणि रायन यांच्या प्रयोगांतून पुढे आले. बटाट्याचे वा टोमॅटोचे पान किड्याने कुरतडले की झाड इतर पानांतही प्रथिन-पाचक विकरांची अवरोधके तयार करू लागते. जे आपल्या पचनाला बाधक, ते किडीच्या पचनाविरुद्धचे शस्त्र आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत याच सूत्रावर आपल्याकडील शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीच्या शत्रूचा, घाटे अळीचा, अभ्यास झाला. तेथील संशोधकांनी १९९८ मध्ये असे दाखविले, की हरभऱ्यातील अवरोधके ही अळी आपल्या आतड्यातील विकरांनी चक्क तोडून टाकते. पुढच्याच वर्षी त्यांनी मांडले, की तिचे यजमान नसलेल्या वनस्पतींची अवरोधके एकामागून एक वापरली तर तिची वाढ अधिक परिणामकारकपणे रोखता येते. शस्त्र आणि ढाल यांची ही शर्यत हजारो वर्षे शेतात चालू आहे. आपण ती आत्ता कोठे वाचू लागलो आहोत.

जीववैद्यकीय प्रयोगशाळांत तर ही द्रव्ये रोजच्या वापरातील झाली आहेत. पेशी फोडून एखादे प्रथिन बाहेर काढावयाचे, तर त्याच पेशीतील पाचक विकरे ते खाऊन टाकतात. म्हणून आधीच अवरोधकांचे मिश्रण घालून ठेवतात. पात्राच्या तळाला चिकटून वाढलेल्या पेशी सोडविण्यासाठी ट्रिप्सिन वापरतात आणि काम झाल्यावर ते थांबविण्यासाठी सोयाबीनमधील अवरोधक घालण्याचीही पद्धत आहे. औषधांच्या जगात पाहावे तर रक्तदाबावरील कॅप्टोप्रिल, कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिन, एचआयव्हीवरील १९९५ पासूनची प्रोटिएज-अवरोधके, ही सारी याच तत्त्वावर उभी आहेत. आंध्रातून अमेरिकेस गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तयार केलेले अमिनोप्टेरिन सिडनी फार्बर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना दिले, तेही असेच एका विकराला अडविणारे द्रव्य होते. कमलाबाईंनी औषध शोधले नाही, तसा दावा करण्याचे कारणही नाही. परंतु त्या ज्या पंक्तीत बसल्या होत्या ती पंक्ती ही आहे.

इतिहासलेखनाचा प्रश्न

याच काळात त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले, कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवतींना तिचा उपयोग होतो हे दाखविले आणि त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांच्या वाट्याला चार वर्षे उशिरा, १९६५ साली आले. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापक स्त्रियांत त्या होत्या. भेसळ कशी ओळखावी हे त्या सामान्य गृहिणीला सांगत होत्या आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून लिहीत होत्या. वाल, नीरा, दूध, भेसळ : हे सुटे विषय दिसतात, पण त्यांना जोडणारा प्रश्न एकच आहे. माणसाच्या पोटात जाणारे अन्न खरोखर त्याच्या अंगी लागते का?

एका परीने दुर्गाबाईंचाही प्रश्न फार दूरचा नव्हता. त्यांनी लोककथा, लोकाचार, ऋतू आणि ‘खमंग’सारख्या पुस्तकातून स्वयंपाकही लिहिला. लोकांजवळ जे आहे त्याकडे विद्वत्तेने पाहावे, तुच्छतेने पाहू नये, ही दृष्टी दोघींतही दिसते. फरक इतकाच की एकीने ती मराठीत लिहिली आणि ती आपल्या वाङ्मयेतिहासाचा भाग झाली; दुसरीने ती इंग्रजी नियतकालिकांच्या पानावर, आकडे आणि कोष्टके यांच्या भाषेत लिहिली, आणि ती वाचण्याची सवय आपण लावून घेतली नाही. वैचारिक गद्याच्या इतिहासात आपण न्यायमूर्ती, समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ यांना जागा देतो. शास्त्रज्ञाचे काम मात्र ‘आपल्या विषयाचे नाही’ म्हणून सोडून देतो आणि उरलेल्या जागेत त्याचा एखादा किस्सा ठेवतो.

किश्शाची अडचण ही, की तो खरा असूनही अपुरा असतो. कमलाबाईंच्या बाबतीत तो आणखी एक नुकसान करतो : त्यांच्या गोष्टीचा नायक नकळत रामन होऊन बसतात. त्यांनी काय नाकारले, त्यांनी कोणत्या अटी घातल्या, ते पुढे कसे बदलले, याभोवती सारे फिरते. कमलाबाई फक्त सोसतात आणि जिंकतात. विचार करताना, चुकताना, पुन्हा मोजताना, वालाचे पीठ पाण्यात कालवून गाळताना त्या आपल्याला दिसत नाहीत. ज्या बाईला प्रयोगशाळेच्या दारात अडविले गेले तिला आपणही आपल्या लेखनात अजून दारातच उभी ठेवले आहे.

यावर उपाय काही अवघड नाही. पदव्युत्तर वर्गात चरित्रलेखन शिकविताना एखाद्या शास्त्रज्ञाचे चरित्र त्याच्या शोधासह लिहून घेता येईल. एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या गावातील कडधान्ये शिजविण्याच्या रीती नोंदवाव्यात, आणि शेजारच्या विज्ञान विभागातील विद्यार्थ्याने त्यांतील अवरोधक मोजावे. वर्णनाची मराठी आणि मोजणीची मराठी एकाच पानावर आली, तर ‘विकर’ म्हणावे की ‘वितंचक’ हा वादही वापरातूनच मिटेल. १९५५ ची ती ‘नेचर’मधील नोंद दोन पानांचीच आहे, मराठीत आणून वर्गात वाचावयास एक तास पुरे.